अर्धा क्लच

सीट पुढे ओढली तेव्हा रुळांतली वाळू करकरली.
अठरा वर्षं ती एकाच खाचेत होती,
ह्यांच्या पायांच्या मापाची.
मी तीन खाचा पुढे आले.
आरशात मात्र मला गाडीचं छतच दिसत राहिलं.
त्याला हात लावावासा वाटला नाही.

कायतान म्हणाला, बाई, चावी माझ्या खिशात.
आधी नुसत्या बसा,
पायांना पायांची कामं कळू द्या.
मग आठवडाभर मी माडाखाली उभ्या गाडीत
कुठेही न जाता चालवत होते.
क्लच दाब. पहिला. सोड. परत दाब.
कुंपणापलीकडून शेवंती विचारायची,
पावली गो पणजे?

वळायची वेळ आली की हात चुकतोच.
उजवीकडची दांडी राहते,
डावीकडची ओढली जाते,
आणि भर मार्गशीर्षातल्या लख्ख उन्हात
वायपर काच घासायला लागतात,
रडून दमलेल्या पोरासारखे
कोरडे हुंदके देत.
मागून पोदेर सायकलचा भोंगा पिळतो, पों पों.
पाव विकायला पिळतो की मला,
कोण जाणे.

हे आता डावीकडे बसतात.
काचबिंदू.
कडेकडेने अंधार आत सरकत आलाय,
मधे बांबूच्या नळीतून दिसावं
तेवढं जग उरलंय.
कान मात्र शाबूत.
इंजिन कण्हतंय, दुसरा टाक.
हँडब्रेक पुरता सुटला नाही बघ.
आणि जिथे काहीच नाही
तिथे, रबरी चटईवर,
ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो,
दर म्हशीला, दर गतिरोधकाला,
कधी कधी नुसत्या सावलीला.
चटई तेवढ्याच जागी झिजत चाललीय.

शुक्रवारी बांबोळीला डोळ्यांची तारीख होती.
चोडणच्या धक्क्यावर सव्वासहाची फेरी,
अजून काळोख, आणि पाणी ओसरलेलं.
लायट बंद कर गो बाये, कप्तानाक दिसना!
दांडी पिरगाळली. ह्या वेळी बरोबर तीच.
दुधाच्या टेम्पोमागे वीतभर अंतर ठेवून
ब्रेकवर, इंच इंच, लोखंडी पत्र्यावर उतरले.
हँडब्रेक. पहिला गिअर. चावी.

मग काहीच करायचं नव्हतं.
पाय मोकळे, हात मांडीवर,
इंजिन बंद,
आणि तरी आम्ही पुढे चाललो होतो.
खारफुटी मागे गेली. रायबंदरचे दिवे
काचेतून हळूहळू मोठे होत आले.
तुला भीती वाटते का, ह्यांनी विचारलं.
मी म्हटलं, आत्ता नाही.

भीती पलीकडे होती.
ओहोटीने उघडा पडलेला चढ, त्यावर शेवाळ,
पुढे टेम्पोचा काळा धूर,
मागे चार स्कूटर, आणि त्यांच्यामागे मांडवी.
टेम्पो चढावर अडला. मीही अडले.
क्लच सोडला तर बंद पडेल,
दाबला तर मागे जाईन.
कायतान सांगायचा, मधे एक जागा असते,
ती दिसत नाही, दाखवताही येत नाही.
डावी टाच उचलली, केसभर. अजून केसभर.
बॉनेटने जराशी मान वर केली,
सगळी गाडी थरथरली, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.
हे काहीच बोलले नाहीत.
मी खाली पाहिलं:
ह्यांचा पाय चटईवरून उचललेला, अधांतरी.
हँडब्रेक सोडला.

वर येऊन रस्त्याकडेला थांबले.
हात वर करून आरसा फिरवला.
छत सरकलं, मागची काच आली,
तिच्यात परत निघालेली फेरीबोट,
आणि उजाडायला लागलेलं पाणी.

निघताना इंडिकेटर द्यायचा होता.
वायपर लागले.
पाऊस लागला? ह्यांनी विचारलं,
तोंड खिडकीकडे, हसू दाबत.
लागला, मी म्हटलं,
आणि आणखी दोन फेऱ्या
तसेच फिरू दिले.